शेवाळाच्या गोळ्या

"निकम!" असा पुकारा झाला आणि कुसाबाई पदर सावरत उठली. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या तीस-चाळीस बायामाणसांतून वाट काढत ती टेबलापाशी जाऊन उभीसुद्धा राहिली. टेबलामागच्या पोरीनं कागदावरची नजर न काढता विचारलं, "साळूबाई ना?"

"मी कुसाबाई."

"साळूबाई निकम हव्यात. तुमचं नाव ह्या यादीत नाही, मावशी. तुम्ही जरा बाजूला बसा, तुमच्याशी वेगळं बोलायचंय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कुसाबाई वळली तोवर तिची थोरली जाऊ साळूबाई पुढं येऊन खुर्चीवर बसली होती. कुसाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बाजूला बसायला सांगितलं होतं, पण बाजूला बसायला काही नव्हतं.

आठवड्यापूर्वी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजची माणसं देवळ्याजवळच्या ह्या गावात येऊन शुगरवाल्या सगळ्यांचं रक्त घेऊन गेली होती. निवडलेल्या माणसांना ते समुद्रातल्या शेवाळाच्या गोळ्या देणार होते. तीन महिने गोळ्या द्यायच्या, दर पंधरा दिवसांनी येऊन तपासायचं, असा तो अभ्यास होता. टेबलामागच्या पोरीचं नाव रोहिणी. ती साळूबाईला समजावून सांगत होती, "आपण भाकरी खाल्ली की पोटात ती फुटते आणि तिची साखर होते. समुद्रात एक तपकिरी शेवाळ असतं, त्यातली काही द्रव्यं हे फुटणं हळू करतात. म्हणजे साखर एकदम चढत नाही. प्रयोगशाळेत तसं दिसलंय. माणसांना किती उपयोग होतो ते आपल्याला बघायचंय."

"मासळीबिसळी नाय ना त्यात?" साळूबाईनं गळ्यातल्या माळेला हात लावला.

"नाही हो. पाण्यातली वनस्पती ती. आणि सरकारी दवाखान्यातल्या तुमच्या रोजच्या गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत. ह्या त्यांच्या जोडीला."

मग पोरीनं आणखी बरंच काही सांगितलं, पण कुसाबाईचं लक्ष बोलण्यावरून उडालं होतं. ती बघत होती ते त्या पोरीचे हात. साळूबाईचा पाय मांडीवर घेऊन ती पोरगी तळव्याला एकेका ठिकाणी बारीक दोरा टोचून विचारत होती, "इथं कळतं? इथं?" साळूबाईचे पाय म्हणजे भेगाळलेलं रान. नवरा गेल्यापासून ते पाय कुणी हातात घेतले नसतील.

कुसाबाईची पाळी आली तेव्हा रोहिणीनं तिला उभ्याउभ्याच सांगितलं. "तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर अकरा टक्क्यांच्या पुढं आहे, मावशी. एवढी जास्त असली तर आम्हाला अभ्यासात घेता येत नाही. तुम्हाला आधी नीट उपचार पाहिजे. ही चिठ्ठी घ्या, देवळ्याच्या दवाखान्यात दाखवा. टाळू नका, कदाचित इन्सुलिन लागेल."

"तिची किती हाय?"

"कुणाची?"

"आमच्या आक्काची."

"दुसऱ्याचं सांगता येत नाही. पण तुम्ही नक्की जा हं."

कुसाबाईनं चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि घरी आल्यावर तिखटमिठाच्या डब्यामागं सारून दिली. जास्त आजारी ती, आणि औषध साळूबाईला. हा कुठला न्याय, हे तिला काही केल्या उमगेना.

दोघींची घरं एकाच अंगणाला लागून. मधे विटांची भिंत, तीही खांद्याएवढी. साळूबाईचा नवरा सहा वर्षांमागं शुगरनंच गेला, आधी डोळे, मग किडनी. एकुलता लेक सोमनाथ नाशिकला सातपूरच्या कारखान्यात. साळूबाई एकटी राही, कुसाबाईच्या नवऱ्याला, सावळीरामला, आपली दोन एकर वाट्यानं लावून देई. जावाजावांमध्ये कधी मोठं भांडण झालं नव्हतं. पण कुसाबाईच्या मनात एक बारीक कुसळ लग्नापासूनच होतं. सासू साळूबाईला विचारून भाजी टाकायची. गावात कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचं दुखलंखुपलं, की हाक साळूबाईला. आणि आता समुद्रही तिच्याच दारात आला.

पहिल्या पंधरवड्यानंतर पांढरी जीप आली. कुसाबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं नळ बारीक केला. भिंतीपलीकडून रोहिणीचा आवाज स्पष्ट येत होता.

"झोप लागते का? रात्री किती वेळा उठता? जेवणात काय होतं काल?"

साळूबाई सांगत होती. बाजरीची भाकरी एक, मेथी, वाटीभर मठाची उसळ. सकाळी मारुतीपर्यंत चालून येते. पायाला खोबरेल लावते. एवढं बोलताना कुसाबाईनं तिला कधी ऐकलं नव्हतं. मग बोट टोचल्याची शांतता, आणि मग पोरगी ओरडलीच, "वा मावशी! मागच्या वेळी दोनशे बारा होती, आज एकशे चौसष्ट!"

कुसाबाईच्या हातातलं पातेलं दगडावर आदळलं. मुद्दाम नव्हे, पण आदळलं.

संध्याकाळी सावळीराम हातपाय धुऊन जेवायला बसला. "वहिनीची साखर उतरली म्हणं," तो म्हणाला. "गावभर झालंय. मी म्हणतो, त्यात काय नवल? आपण कांद्याला जे टॉनिक मारतो तेबी शेवाळच हाय. सीवीड. अर्धा कॅन पडलाय पडवीत, त्याच्यावरबी समुद्राचं चित्र काढलंय. कांदा फुगतो त्याच्यानं, माणसाची साखर उतरंल."

तो आपल्याच विनोदावर हसला. कुसाबाईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली, वाढली नाही.

"तुला काय झालं?"

"मला काय व्हायचंय? माझी साखर अकरा हाय. मला विचारलं कुणी, किती वेळा उठती म्हणून?"

"किती वेळा उठती?" सावळीरामनं घास चावत विचारलं.

"खा गपचीप."

फाल्गुनात कांद्याची काढणी आली. ह्या वर्षी आभाळाची लक्षणं बरी नव्हती. दुपारनंतर पश्चिमेला ढग चढत, वारा सुटे आणि गारा येतील का काय म्हणून माणसं रानातल्या उघड्या कांद्याकडं बघत बसत. मजूर मिळेनात. सटाण्याकडच्या चिमणाबाईची सात बायांची टोळी कशीबशी ठरली, तीही एक दिवसाआड यायच्या बोलीवर. त्यामुळं दोन्ही जावा टोळीबरोबर वाफ्यात बसल्या. सकाळी कांदा उपटायचा, पात सुकू द्यायची, मग विळ्यानं पात कापून पाट्या भरायच्या. बसून बसून कंबर धरे. हातांना कांद्याचा चिकट रस लागे आणि त्यावर माती बसून बोटं काळी पडत.

कुसाबाईला तासातासाला उठावं लागे. रानात आडोसा नव्हता. बांधाच्या पलीकडं एक बाभूळ होती, तिथवर जायचं आणि परत यायचं. चौथ्या वेळेला उठली तेव्हा टोळीतली एक पोरगी म्हणाली, "मावशी त्या बाभळीला पाणी घालून घालून जगवणार," आणि सगळ्या हसल्या. साळूबाई हसली नाही. पण तीही कुसाबाईइतकाच वेळ वाफ्यात बसली होती आणि एकदाच उठली होती. हे कुसाबाईनं मोजलं होतं.

त्याच दुपारी ती पाणी प्यायला म्हणून घरी आली. साळूबाईचं दार नुसतं लोटलेलं. आत फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, तो पांढरा डबा. कुसाबाईनं झाकण फिरवलं. एक गोळी घेऊन तिनं तिचं कवच दोन बोटांत फोडलं. आत हिरवट तपकिरी भुकटी होती आणि वास आठवडे बाजारात सुकटवाल्याच्या पालावर येतो तसा. तिनं भुकटी जिभेवर घेतली, तोंड वाकडं केलं आणि दुसरी गोळी अख्खीच गिळली.

त्या दिवशी तिला खरंच बरं वाटलं. पाय हलके झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दोन घेतल्या. मग रोज. दोन औषधं एकमेकांवर जातील म्हणून सरकारी दवाखान्याच्या आपल्या गोळ्या तिनं बंदच केल्या. चोरी करतो आहोत असं तिला वाटलं नाही. घरातली वस्तू, अंगणापलीकडची. सासूनं वाटणी करताना तांब्याचा हंडा साळूबाईला दिला होता, तेव्हा ती काही बोलली होती का?

जीप पुन्हा आली. ह्या वेळी कुसाबाई अंगणात नव्हती. ती आपल्याच स्वयंपाकघरात, भिंतीला कान लावून होती. पलीकडं गोळ्या ताटलीत ओतल्याचा खळखळाट झाला. रोहिणी मोजत होती. एकदा मोजून झालं, मग पुन्हा मोजलं.

"मावशी, सव्वीस कमी आहेत."

ताटली पुढं सरकवल्याचा आवाज आला.

"कुणाला दिल्यात का? खरं सांगा. हे औषध अजून तपासलं जातंय. दुसऱ्याला काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते."

"नाय दिल्या."

"मग?"

कुसाबाईच्या कानाची पाळी भिंतीच्या गारव्यानं बधिर झाली.

"मीच घेतल्या असतील," साळूबाई म्हणाली. "कामाच्या धबडग्यात दोन-दोनदा. ध्यान नाय राहत."

"आधी तर एकही चुकली नव्हती." रोहिणीचा आवाज कोरडा झाला होता. "मला हे लिहावं लागेल. पुन्हा असं झालं तर तुमचं नाव काढतील, मावशी. माझ्या हातात नाही."

जीप गेली. कुसाबाई पाण्याची बादली घेऊन बाहेर आली, जशी काही आत्ताच कामाला लागली. साळूबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं मान वर करून जावेकडं पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं लोखंडी पेटीची कडी वाजली. दुसऱ्या दिवसापासून डबा पेटीत आणि किल्ली साळूबाईच्या कमरेला.

ह्यानं कुसाबाईचा संताप संताप झाला. जशी काही तिची वस्तू कुणी पळवली होती. कुलूप लावलं! जावेला चोर ठरवलं! वाफ्यात बसल्यावर साळूबाईच्या कमरेची किल्ली तिच्या डोळ्यांपुढं हाले आणि तिच्याकडून पातीऐवजी कांदाच कापला जाई. नजरही हल्ली धूसर झाली होती. लांबचा माणूस हातवारे करतोय की आभाळाकडं बघतोय, कळत नसे. तोंडाला कोरड पडे. तांब्याभर पाणी पिऊन तहान जाईना. अंगावरची साडी सैल होत चालली होती. टोळीतल्या बाया म्हणत, "मावशी बारीक झाल्या." तिला ते बरंच वाटे.

डब्यातल्या गोळ्या बंद होऊन नऊ दिवस झाले तेव्हा आभाळ अगदी खाली आलं. सकाळपासून उकडत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. निम्मा कांदा अजून रानात उघडा पडला होता. सावळीरामनं पहाटेच सगळ्यांना रानात काढलं. कुसाबाई मागं राहिली, भाकरी बांधून आणते म्हणाली.

पडवीत फवारणीच्या पंपाशेजारी तो कॅन होता. निळा, वर लाटांचं चित्र. तिनं बूच उघडलं. आतलं पाणी काळंकुट्ट, काकवीसारखं दाट, आणि वास तोच. अगदी तोच, फक्त दसपट. म्हणजे सावळीराम म्हणाला ते खोटं नव्हतं. मूळ वस्तू घरातच होती, आणि आपण उगीच दुसऱ्याच्या फळीकडं बघत बसलो. नाशिकची पोरगी नको, जीप नको, किल्ली नको. तिनं कपात दोन बोटं ओतलं, नाक दाबलं आणि घशाखाली लोटून दिलं.

रानात पोचेपर्यंत तिच्या पोटात कालवायला लागलं होतं. वाफ्यात बसली. विळा हातात धरला तर तो लांब कुठंतरी दुसऱ्याच्या हातात असल्यासारखा वाटला. गडगडलं. सावळीराम ओरडत होता, "पोळ घाला, ढीग लावा! पात टाका वरून!" बाया पाट्या घेऊन धावत होत्या. कुसाबाई उठायला गेली आणि कांद्याच्या ढिगावर तोंडघशी पडली. मग तिला ओकारी आली. काळं, हिरवं, तारेसारखं. तांबड्या कांद्यांवर ते पसरलं.

"काय व्हयनं व माय!" चिमणाबाईनं हातातली पाटी टाकली. "हाई बाईनं जहर खादं का काय!"

जहर हा शब्द ऐकल्यावर सगळी टोळी जागच्या जागी थांबली. सावळीराम धावत आला आणि नुसताच उभा राहिला, दोन्ही हात लोंबकळत. टपोरे थेंब पडायला लागले होते. साळूबाईनं बायांना बाजूला सारलं, गुडघ्यावर बसून जावेचं डोकं एका कुशीवर वळवलं, बोटानं तिचं तोंड साफ केलं. मग ती बोटं तिनं नाकाशी नेली.

"टेम्पो काढा," ती सावळीरामला म्हणाली. "कांदा मरू द्या. टेम्पो काढा म्हणते ना!"

देवळ्याच्या दवाखान्यात सुई टोचली तर साखर पाचशेच्या वर. सलाइन लागलं, नळ्या लागल्या. त्या दिवशी गारा आल्या नाहीत, पण पाऊस तासभर पडला आणि पोळ न घातलेला कांदा भिजला तो भिजलाच. हे कुसाबाईला दुसऱ्या दिवशी कळलं, डोळे नीट उघडल्यावर.

तिनं डोळे उघडले तेव्हा खाटेजवळ चार माणसं होती. रोहिणी, तिच्याबरोबर नाशिकहून आलेले मोठे डॉक्टर, दाराशी सावळीराम, आणि भिंतीकडच्या स्टुलावर साळूबाई. साळूबाईनंच रोहिणीला फोन केला होता. ओकारीला शेवाळाचा वास आला म्हणून. आता मोठे डॉक्टर तिच्यावरच घसरले होते.

"गोळ्या तुमच्या. कमी भरल्या तुमच्या. आणि तुमच्याच घरातली बाई ही अशी पडलीय. तुम्ही हिला गोळ्या दिल्यात की नाही?"

"मी नाय दिल्या."

"मग पंख फुटले गोळ्यांना? अहो, चाळीस माणसांचा अभ्यास आहे हा! तुमच्या एकटीपायी सगळा बंद पडेल. आणि ही बाई मेली असती म्हणजे?"

साळूबाईनं डोळे जमिनीकडं लावले होते. कुसाबाई पापण्यांच्या फटीतून बघत होती. साळूबाई बोलणी खातेय, चार लोकांत, खाली मान घालून. हेच बघावं असं दोन महिने, नव्हे तीस वर्षं, तिला वाटत आलं होतं. क्षणभर आत कुठंतरी गोड लागलंसुद्धा. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. साळूबाईनंही सांगितलं नसतं, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. आणि तेवढ्यानंच ते गोड एकदम नासलं.

"तिला नका बोलू," कुसाबाई म्हणाली. घसा सोलून निघाला होता, आवाज फाटका आला. "मी चोरल्या. तिच्या फळीवरून. रोज दोन."

मोठ्या डॉक्टरांनी साळूबाईकडं पाहिलं.

"आणि काल?" रोहिणीनं खाली वाकून विचारलं. "काल काय घेतलंत?"

"तिनं कुलूप लावलं ना. मग पडवीतलं घेतलं."

"पडवीतलं काय?"

"कांद्याला मारायचं."

दाराशी उभा असलेला सावळीराम पुढं आला. "अगं येडे," तो म्हणाला, "ते मी हसण्यावारी बोललो होतो."

रोहिणीनं कपाळावर हात मारला नाही, ती रागावलीही नाही. खाटेच्या कडेला बसली. "मावशी, दवाखान्याच्या रोजच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"महिना होईल."

"त्यानं पडलात तुम्ही. आणि फवारणीचं शेवाळ पिकासाठी असतं. त्यात काय काय मिसळतात ते आम्हालाही माहीत नसतं, ते पोटात घ्यायचं नसतं. आणि तुम्ही घेतलेल्या त्या गोळ्या…" ती थांबली आणि साळूबाईकडं बघून पुढं बोलली. "निम्म्या डब्यांत शेवाळ आहे. निम्म्यांत नुसती पिठी, वास आणि रंग सारखा केलेली. खरंच गुण येतो का ते कळावं म्हणून. कुणाला कुठला डबा गेला ते मलाही ठाऊक नाही."

कुसाबाई छताकडं बघत राहिली. पिठी असेल. कदाचित पिठीच.

साळूबाईचं नाव अभ्यासातून काढलं. मोजणीच बिघडली होती, इलाज नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी तिची माफी मागितली, रोहिणीनं तिचा हात हातात घेतला, पण नाव काढलंच. जीप आता त्यांच्या अंगणात येणार नव्हती. साळूबाईनं पेटीतून डबा काढून परत केला आणि एक शब्द बोलली नाही. जावेशीही नाही.

कुसाबाई पाच दिवसांनी घरी आली ती इन्सुलिन घेऊन. सकाळ-संध्याकाळ सुई. सावळीरामनं पहिल्या दिवशी सुई हातात धरली आणि त्याचाच चेहरा पांढरा पडला. कुसाबाईला बारीक रेघा दिसत नव्हत्या. दोघं एकमेकांकडं बघत बसली. तेवढ्यात साळूबाई न बोलता दारातून आत आली, हात धुतले, सुईत औषध ओढलं, उजेडाकडं धरून टिचकी मारली. नवऱ्याला तिनं चार वर्षं सुई दिली होती.

"पोट ढिलं सोड," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज दोनदा येई. सकाळी सातला, संध्याकाळी सातला. सुई देई आणि जाई. तिच्या हाताला राग होता, पण सुई कधी दुखली नाही.

गावातल्या बायांची मात्र रीघ लागली. औषध पिऊन वाचलेली बाई बघायला कुणाला आवडत नाही? कलाबाई आली, गोजराबाई आली, वरच्या आळीच्या लेकीसुना आल्या. कुणी पपई आणली, कुणी कडू कारली. "आता कसं वाटतं? चक्कर येते का? जेवण जातं का?" कुसाबाई खाटेवर तक्क्याला टेकून सगळ्यांना सांगत असे. सांगता सांगता काल्पनिक काहीबाहीही जोडे.

एके दिवशी सकाळी साळूबाई आली तेव्हा तीन बाया बसलेल्या होत्या. त्या उठून जाईपर्यंत ती दाराशी थांबली. मग सुई भरता भरता म्हणाली, "बाजार भरतोय तुझ्याकडं."

तो आवाज कुसाबाईनं ओळखला. तिच्या स्वतःच्या पोटात तो दोन महिने घुमत होता.

"आक्का," ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना, मी घेती म्हणून?"

"पहिल्याच दिवशी. फळीवर फुटलेलं कवच ठेवून गेलीस."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर काय केलं असतंस? भांडली असतीस." साळूबाईनं कापसानं जागा पुसली. "पोट सोड."

सुई टोचली. कुसाबाईनं दात आवळले. "मी मागितल्या असत्या, तर दिल्या असत्यास?"

साळूबाईनं सुई काढली, टोपण लावलं, पिशवीत टाकली.

"नसत्या दिल्या," ती म्हणाली. "त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पिठी बी असंल म्हणून. गोळ्यांचं मला काय पडलं होतं? ती पोरगी दर पंधरा दिवसांनी येऊन बसायची. काय खाल्लं, कुठवर चाललात, विचारायची. तिला सांगायला लागतं म्हणून मी वेळेवर खात होते. तिला सांगायला लागतं म्हणून मारुतीपतुर चालत होते. सोमनाथचे बाप गेल्यापासून कुणी विचारलंय मला? ते मी तुला कशाला देऊ? कुणालाच दिलं नसतं."

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, जरा कण्हत. कुसाबाईला दिसलं की तिचे पाय पुन्हा भेगाळले होते आणि घोट्याशी सूज होती. मारुतीचं चालणं बंद झालेलं असणार.

"तू तपासलंस का परत?" कुसाबाईनं विचारलं.

"कशाला? कोण बघणाराय?"

"बस."

"मला रानात जायचंय. कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा राहिलाय, भिजलेला निवडायचाय."

"बस म्हणते ना, आक्का."

दवाखान्यातून दिलेलं साखर मोजायचं मशीन खाटेखालच्या पिशवीत होतं. कुसाबाईनं ते काढलं. पट्टी लावायला तिला जमेना, नजर अजून साफ नव्हती. दोनदा पट्टी उलट बसली. साळूबाई उभ्याउभ्या बघत होती. तिसऱ्यांदा नीट बसली. मग कुसाबाईनं हात पुढं केला आणि साळूबाईनं, बऱ्याच वेळानं, आपलं बोट त्यावर ठेवलं. कांदा काढून काढून काळं पडलेलं, राठ.

टोचलं. थेंब आला. मशीनवर आकडा उमटला, पण तो कुसाबाईला वाचता येईना.

"दोनशे एकवीस," साळूबाई म्हणाली.

"लय हाय." कुसाबाईनं तिचं बोट सोडलं नाही. "काल सांजच्याला काय खाल्लं होतंस?"

साळूबाई खाटेच्या कडेला टेकली. रानाकडून सावळीरामची हाक आली, तिनं ओ दिली नाही. थोडा वेळ तिनं आठवल्यासारखं केलं, आणि मग सांगायला लागली.